दारापुढच्या पायऱ्या दरवर्षी का तडकतात? कारण शोधण्यापासून नव्या पायऱ्या ओतण्यापर्यंत

दिवाळीच्या आधी मिस्त्री बोलावून पायऱ्यांच्या भेगा बुजवायच्या, वरून रंग मारायचा आणि नवतपा लागेपर्यंत तीच भेग त्याच जागी पुन्हा बघायची, हे नागपुरात घरोघरी चालतं. मी घरदुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. बहुतेकांना वाटतं की माल कमजोर होता, सिमेंट कमी पडलं. कधी तसंही असतं. पण त्याच जागी वारंवार तुटणारी पायरी बहुधा खालच्या जमिनीमुळे तुटते. जमीन तशीच ठेवून वर कितीही उत्तम माल ओतला तरी ती पुन्हा तुटणार. म्हणून सब्बल हातात घेण्याआधी भेग काय सांगते ते बघा. नव्या पायऱ्यांचा खर्च एकदाच व्हावा असं वाटत असेल तर हा वेळ द्यावाच लागतो.

भेग कुठे आहे आणि कधी वाढते

पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. पायऱ्या आणि घराचं जोतं यांच्यामध्ये आडवी फट पडते. एप्रिल-मेमध्ये तिच्यात बोट जातं, आणि पोळ्याच्या सुमारास ती आपोआप इतकी बारीक होते की लोकांना वाटतं भरून निघाली. ही काळ्या मातीची खूण आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी उडालं की आकसते. घराचा पाया बऱ्यापैकी खोल, बहुधा मुरमावर गेलेला असतो, त्यामुळे घर जागचं हलत नाही. पायऱ्या मात्र वरच्या फूट-दीड फूट मातीवर बसवलेल्या असतात. ती माती वर्षातून एकदा वर येते आणि एकदा खाली जाते. तिच्याबरोबर पायऱ्या हलतात, घर हलत नाही, आणि जिथे दोघं एकमेकांना चिकटवलेले असतात तिथे फाटतं.

नागपुरात सगळीकडे एकसारखी माती नाही. शहराच्या पश्चिमेकडे बेसाल्ट आहे, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे जुना स्फटिकी खडक सुरू होतो. वरच्या मातीची जाडी तर एका ले-आउटमधून दुसऱ्यात गेलं की बदलते. शेजाऱ्याच्या पायऱ्या चांगल्या आहेत म्हणून आपली जमीनही चांगली असेल असं धरून चालू नका. तपासायला फार काही लागत नाही. पायऱ्यांच्या कडेला फूटभर खोलीवरून मूठभर माती काढा, उन्हात कडक वाळवा, कुटून चहाच्या गाळणीतून चाळा. काचेचे दोन सारखे उभे ग्लास घ्या. दोन्हींत सारखीच दोन-दोन चमचे माती टाका, एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. हलवून हवेचे बुडबुडे जाऊ द्या आणि एक दिवस तसंच राहू द्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजा. पाण्यातला थर रॉकेलच्या थरापेक्षा निम्म्याने किंवा त्याहून जास्त उंच दिसला, तर त्या मातीवर थेट काहीही बांधू नका. प्रयोगशाळेत याच पद्धतीने मातीचा फुगवटा मोजतात, तिथे मापं काटेकोर असतात एवढाच फरक.

दुसरा प्रकार म्हणजे पायऱ्या एका बाजूने वर उचलल्या जातात किंवा एका बाजूने खचतात. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याचं कारण नजरेसमोर असूनही कुणाच्या लक्षात येत नाही. त्रिमूर्तीनगरातल्या एका घरी मे महिन्यात पायऱ्या बघायला गेलो होतो. खालच्या पायरीवर गोटी ठेवली की ती उजवीकडे पळायची. उजव्या टोकाला जमीन इतकी भेगाळली होती की भेगेत पट्टी उभी घातली तर अर्धी आत जायची. डाव्या टोकाला मात्र भर उन्हाळ्यात माती काळीभोर ओली, तिच्यावर शेवाळ, आणि पायरीच्या कडेला मिठासारखा पांढरा थर. वर बघितलं तर खिडकीत कूलर, आणि त्याची नळी पायरीशेजारी सोडलेली. काकू म्हणाल्या, "कूलर तर आम्ही दरवर्षीच लावतो." अडचण नेमकी तीच होती. मार्च ते जून रोज ओघळणारं पाणी डावीकडची माती फुगलेली ठेवत होतं आणि उजवीकडची माती त्याच काळात आकसून खाली जात होती. मधली पायरी या ताणात बरोबर मध्यावर तडकली होती. आधीच्या मिस्त्रीने ती भेग दोनदा भरली होती, कूलरची नळी मात्र कुणी हलवली नव्हती.

तेव्हा पायऱ्या एका बाजूने हलल्या असतील तर आधी पाण्याचा माग काढा. कूलरची नळी, गच्चीची पन्हाळ, भांडी-कपड्यांचं पाणी, कुंड्यांचं पाणी, पायऱ्यांच्या खालून गेलेली नळाची लाइन. लाइन गळते का हे बघायचं असेल तर रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरकडे बघा. काटा फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंच आहे. उलट बाजूने, पायऱ्यांजवळ मोठं झाड असेल तर त्याची मुळं त्या बाजूची माती उन्हाळ्यात जास्त कोरडी करतात, आणि पायरी तिकडे झुकते. झाड तोडायला मी सांगणार नाही. पायऱ्या झाडापासून दूरच्या बाजूला सरकवता आल्या तर बघा, नाहीतर खालचं मुरमाचं काम जास्त खोल घ्या.

तिसरा प्रकार, पायरी जागची हललेली नाही पण वरून भुगा सुटतो, झाडताना सिमेंटची पूड निघते, कड मोडून पडते. हा मालाचा आणि पाणी मारण्याचा दोष. माल पातळ कालवला असेल, वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं असेल, किंवा ओतल्यावर पुरेसं पाणी मारलं नसेल, तर वरचा थर कच्चा राहतो.

चौथा, पायरीवर हातोडी मारली की पोकळ आवाज येतो. जुन्या घरांत पायऱ्या भरीव काँक्रीटच्या नसतातच. तीन बाजूंनी विटांची भिंत, आत तोडफोडीचा मलबा आणि खोदलेली काळी माती, वर दोन-तीन इंच काँक्रीट, असं असतं. आतला भराव कधी ठोकलेला नसतो. तो बसत जातो आणि वरचा पातळ थर अधांतरी राहून तुटतो. अंबाझरी तलावाच्या खालच्या भागात आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे हा आवाज मुद्दाम ऐकून घ्या. असला भराव वाहत्या पाण्याबरोबर आतून निघून जाऊ शकतो, बाहेरून पायरी शाबूत दिसली तरी.

पाचवा, भेगेजवळ तांबूस डाग आणि काँक्रीटचा पोपडा सुटलेला. सळई गंजली आहे. अशा पायऱ्या दुरुस्त करण्यात पैसे घालू नका.

भेग वाढते आहे की थांबली आहे हे कळत नसेल तर तिच्यावर आडवी, पातळ प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा थांबून बघता आलं तर सर्वात उत्तम, पण निदान दोन ऋतूंतले फोटो एकाच जागेवरून काढून ठेवा.

दुरुस्ती पुरेल की सगळं काढावं लागेल

फक्त कड मोडली असेल आणि पायरी ठोकल्यावर भरीव वाजत असेल, तर दुरुस्ती पुरते. मोडलेल्या जागेच्या कडा कटरने सरळ कापून घ्या, किमान दीड इंच खोल छन्नीने काढा, धूळ पाण्याने धुऊन काढा, ओल्या पृष्ठभागावर एसबीआर लेटेक्स (जुन्या-नव्या मालाची पकड वाढवणारं द्रावण) मिसळलेल्या सिमेंटचा पातळ लेप लावा आणि तो सुकायच्या आत माल भरा. वारंवार सुटणारे ठिगळ बघितले तर बहुतेक वेळा त्यांच्या कडा कागदासारख्या पातळ होत गेलेल्या असतात. इतका पातळ माल नागपूरच्या उन्हात पाणी टिकूच देत नाही, तो आकसतो आणि पापडासारखा उठतो.

पायऱ्या हलल्या असतील, पोकळ वाजत असतील किंवा सळई गंजली असेल, तर वरून टाइल्स किंवा ग्रॅनाइट बसवून झाकू नका. माझा सगळ्यात जास्त विरोध याच गोष्टीला आहे. झाकलेली भेग दोन वर्षांत टाइलमधून वर येते. शिवाय टाइलच्या जाडीने दारापुढची शेवटची उंची कमी होते आणि खालची वाढते. ज्येष्ठ माणसं अशाच असमान पायऱ्यांवर पडतात.

आणखी एक कारण आता बरेचदा दिसतं. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला की रस्ता वर येतो आणि अंगण खाली जातं. मग पहिली पायरी निम्मी बुडते आणि पावसाचं पाणी रस्त्यावरून पायऱ्यांकडे येतं. इथे पायऱ्या नव्याने घालताना अंगणाची पातळी आणि पाण्याचा उतार आधी ठरवावा लागतो. फाटकाच्या आत जाळीची नाली घेऊन पाणी बाजूला काढा, नाहीतर नवीन काम पहिल्याच पावसाळ्यात पाण्यात उभं राहील.

काम कधी काढायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी मारण्याची सोय होते हे एक कारण, पण मातीचं कारण त्याहून मोठं आहे. मेमध्ये माती पूर्ण आकसलेली असते. तेव्हा पायऱ्या घातल्या तर पावसाळ्यात ती सगळी ताकद लावून वर येते. ऑगस्टमध्ये घातल्या तर उन्हाळ्यात ती खालून सरकते आणि पायऱ्या अधांतरी राहतात. डिसेंबरच्या सुमारास माती मधल्या ओलाव्यावर असते, दोन्हीकडे कमी सरकते. उन्हाचं म्हणाल तर २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. चाळीसच्या वर पारा असताना काँक्रीट ओतायचं तर भारतीय मानकांत वेगळी खबरदारी सांगितली आहे. घरच्या छोट्या कामात ती कुणी घेत नाही. मेमध्येच करण्याशिवाय गत्यंतर नसेल तर पहाटे ओता, गिट्टीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ती सावलीत ठेवा आणि ओतलेल्या कामावर लगेच सावली करा.

खाली काय करायचं

तोडायच्या आधी पायऱ्यांच्या खालून नळाची लाइन, सांडपाण्याचा पाइप किंवा अर्थिंगची पट्टी जाते का ते विचारून घ्या. घर जुनं असेल तर कुणालाच आठवत नसतं, म्हणून पहिला फूटभर हाताने खोदा, मशीन लावू नका.

जुना भराव सगळा काढा. विटांची भिंत, मलबा, काळी माती, काहीही ठेवू नका. खड्डा पायऱ्यांपेक्षा तीन बाजूंनी फूटभर मोठा आणि किमान दोन फूट खोल घ्या. त्याआधीच पिवळा मुरूम लागला तर तिथेच थांबा. दोन फुटांवरही काळी माती असेल तर अडीच-तीन फुटांपर्यंत जा, पण घराच्या पायाच्या तळाखाली कधीच जाऊ नका.

हा खड्डा रेतीने किंवा नुसत्या गिट्टीने भरायचा मोह बऱ्याच मिस्त्रींना होतो, कारण ते पटकन होतं. भरू देऊ नका. काळ्या मातीतला रेतीचा खड्डा म्हणजे पाण्याचं टाकं. चारी बाजूंचं पाणी त्यात जमतं आणि खालच्या मातीला फुगवत राहतं. चांगला मुरूम आणा, त्यात काळी माती मिसळलेली नको. सहा-सहा इंचाच्या थरांनी टाका, प्रत्येक थरावर थोडं पाणी शिंपडा आणि धुमसाने ठोका. मुठीत दाबला की गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये, एवढाच ओलावा हवा. धुमस मारल्यावर ठसा उमटणं बंद झालं की तो थर झाला. कंटाळून दोन थर एकदम टाकले जातात ते याच टप्प्यावर. म्हणून घरातलं कुणीतरी इथे उभं राहायला हवं. काँक्रीटच्या वेळी नसलात तरी चालेल, इथे असा.

पायऱ्या घराला बांधायच्या की मोकळ्या ठेवायच्या

बरेच मिस्त्री जोत्याच्या भिंतीत सळया ठोकून पायऱ्या घराला जखडतात आणि त्याला मजबुती म्हणतात. काळ्या मातीत हे चुकतं. एक टोक घराला घट्ट आणि दुसरं टोक हलणाऱ्या मातीवर, म्हणजे ताण भिंतीत जाणार. मग पायरीबरोबर जोत्याचं प्लास्टरही फाटतं.

तीन-चार पायऱ्यांसाठी मी मोकळा सांधाच सुचवतो. जोत्याच्या भिंतीला अर्धा इंच जाडीची थर्माकोलची शीट उभी चिकटवा आणि पायऱ्यांचं काँक्रीट तिला टेकून ओता, खालचा बेड म्हणजे मुरमावरचा काँक्रीटचा सपाट थरसुद्धा. काम पक्कं झाल्यावर शीटचा वरचा इंचभर भाग कापून काढा, त्यात फोमची दोरी दाबा आणि वरून बाहेरच्या कामाचं पॉलीयुरेथेन किंवा पॉलीसल्फाइड सीलंट भरा. पांढरं सिमेंट भरू नका, ते पहिल्या उन्हाळ्यात सुटतं. पायऱ्या जरा वर-खाली झाल्या तरी सांधा ताणला जातो, काही तुटत नाही.

पाच किंवा जास्त पायऱ्या असतील, जोतं उंच असेल किंवा खाली रिकामी जागा ठेवायची असेल, तर प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर) टेकलेला आरसीसी स्लॅब करावा लागतो. त्याची सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

मापं आणि माल

जोत्याची उंची अंगणाच्या ठरलेल्या पातळीपासून लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा आणि ती समान भागांत वाटा. घरगुती जिन्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेत रायझर (पायरीची उभी उंची) १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि ट्रेड (पाय ठेवायची आडवी जागा) २५० पेक्षा कमी नको असं आहे. घरासमोर एवढं ताणायची गरज नसते. सहा इंच रायझर आणि बारा इंच ट्रेड सगळ्यांना सोसतं. दोन फूट जोतं असेल तर सहा इंचाचे चार रायझर, म्हणजे तीन पायऱ्या आणि चौथं पाऊल दारात. सगळे रायझर सारखे असणं सर्वात महत्त्वाचं. फरशी किंवा टाइल पुढे बसवायची असेल तर तिची जाडी आताच हिशोबात धरा.

चार फूट रुंद अशा तीन पायऱ्यांचं भरीव काँक्रीट बारा घनफूट होतं. खालचा बेड पाच फूट बाय साडेतीन फूट, पाच इंच जाड धरला तर आणखी सव्वासात घनफूट. सगळं एम-२० म्हणजे एक : दीड : तीन प्रमाणात केलं तर साडेचार गोण्या सिमेंट लागतं, पाच आणून ठेवा. सहा बाय चार फुटांचा दोन फूट खड्डा असेल तर ठोकल्यावर भरायला सुटा मुरूम साठ घनफुटांच्या आसपास लागेल.

घमेल्याने मोजू नका, प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. एक फूट बाय एक फूट बाय सव्वा फुटाचा फर्मा करून घ्या. त्यात एक गोणी सिमेंट मावतं. एका गोणीला दीड फर्मा रेती आणि तीन फर्मे वीस एमएमची गिट्टी. रेती ओलसर असेल तर ती फुगलेली असते, तेव्हा फर्मा थोडा जास्त भरा. कन्हानची रेती मिळाली तर उत्तम, पण कुठलीही रेती काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर हलवून ठेवा. तासा-दोन तासांनी वर गाळाचा जाड थर बसला तर धुतल्याशिवाय वापरू नका. क्रशरची चुरी रेती म्हणून चालवून घेऊ नका, तिच्यात भुकटी जास्त असते आणि ती पाणी जास्त मागते.

पाणी हा खरा कळीचा मुद्दा आहे. मानकानुसार या प्रमाणाला एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, रेतीतला ओलावा धरून. मी २५ ते २७ वर थांबवतो. माल घट्ट वाटला की मजूर हाताने डबा ओततात, कारण पातळ माल पसरवायला सोपा जातो. एका गोणीचं पाणी आधीच मोजून बादल्यांत भरून ठेवा आणि नळी तिथून काढून घ्या. वाद होत नाही.

बेडमध्ये आठ एमएम सळईची जाळी, दोन्हीकडे आठ-आठ इंचावर, बेडच्या मध्यावर राहील अशी कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणाऱ्या सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर) ठेवा. गिट्टीचे तुकडे किंवा विटेचे खापे खाली देऊ नका. बेडच्या वरचा भाग खडबडीत ठेवा, आठ एमएमचे काही तुकडे उभे सोडा आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या ओता. खालच्या पायरीपासून सुरुवात करत सगळ्या एकाच वेळी ओता, आणि फळ्यांच्या आतून सळईने नीट ठोसत जा. कडेला मालात पोकळी राहिली की कड तिथेच मोडते.

वरचा भाग

प्रत्येक ट्रेडला बाहेरच्या बाजूला पाव इंचाचा उतार द्या, पाणी थांबलं नाही पाहिजे. वर आलेलं पाणी आपोआप नाहीसं होईपर्यंत थांबा, मगच लाकडी रंध्याने सारखं करा. कोरडं सिमेंट भुरभुरू नका आणि लोखंडी पाट्याने चकचकीत घोटू नका. थोडं आवळलं की खराट्याने आडव्या रेघा काढा. कडेची धार गोलसर मारा, टोकदार धार पहिल्या सायकलच्या धक्क्याने उडते. पॉलिश केलेलं ग्रॅनाइट पावसात घसरतं. दगड लावायचाच असेल तर खरखरीत फिनिशचा घ्या.

बाजूच्या फळ्या एक दिवसाने काढता येतात, थंडीच्या दिवसांत दोन दिवस ठेवा. लगेच सगळं ओल्या बारदानाने झाका आणि त्यावर प्लास्टिक घाला. आज बाजारात बहुतेक फ्लाय अॅश मिसळलेलं पीपीसी सिमेंट मिळतं. त्याला किमान दहा दिवस ओल लागते आणि कोरड्या हवेत चौदा दिवस ठेवणं चांगलं. सकाळ-संध्याकाळ नळी मारून जाणं म्हणजे पाणी मारणं नव्हे, मधल्या दुपारी पायरी पांढरी पडते आणि तेवढ्यात नुकसान होतं. बारदान कधीही हाताला कोरडं लागता कामा नये. या काळात जा-ये मागच्या दाराने करा. मागचं दार नसेल तर पायऱ्यांना न टेकणारी फळी दोन्ही बाजूंना विटा रचून टाका. जपून पाय ठेवायला तीन दिवसांनी हरकत नाही. गॅसचं सिलिंडर, मोटारसायकल वगैरे चौदा दिवस लांब.

पायऱ्यांच्या भोवती

हे लोक वगळतात आणि म्हणून लिहितो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आणि जोत्याच्या कडेने किमान तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा, घरापासून बाहेर उतार देऊन, करून घ्या. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तो पट्टा नसेल तर ते पाणी थेट पायऱ्यांच्या कडेने खाली उतरतं, आणि उन्हाळ्यात तिथूनच माती सुकते. पट्टा असला की खालचा ओलावा वर्षभर बराचसा एकसारखा राहतो. पट्ट्यालाही पायऱ्यांपासून आणि जोत्यापासून मोकळा सांधा द्या. कूलरची नळी आणि पन्हाळ या पट्ट्याच्या पलीकडे नालीत सोडा. कुंड्या पायऱ्यांवर ठेवायच्या असतील तर खाली ताटल्या द्या.

पहिल्या मे महिन्यात सांध्यातलं सीलंट बघा. एका बाजूने सुटलेलं दिसलं तर तेवढाच भाग कापून काढा, धूळ पुसा आणि पुन्हा भरा. तेव्हाच करा, कारण पाऊस सुरू झाला की सांधा आवळतो आणि ओल्या काँक्रीटला सीलंट धरत नाही. सांध्याची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्यभागी मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पोळ्यानंतर त्याच तीन जागी पुन्हा मोजा. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर काळजीचं कारण नाही. एकाच टोकाला फरक जास्त दिसला तर त्या बाजूला पाणी कुठून येतं ते शोधा.